बेरिल आणि ताटलीची मागची बाजू

माझी बायको बेरिल कुणाकडेही जेवायला गेली की आधी ताटली उलटी करून बघते. ताटली रिकामी असेल तर सोपं असतं. भरलेली असेल तर ती डोक्याच्या वर उचलते आणि मान वाकडी करून खालून बघते. तसं आमच्या इंग्लंडातल्या बर्स्लममध्ये जन्मलेला कुणीही माणूस हे करतोच. अख्खं गाव भांड्यांच्या कारखान्यांवर पोसलेलं, त्यामुळे कुठल्या कारखान्याचा शिक्का आहे हे बघितल्याशिवाय कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. पण बाकीचे लोक शिक्का बघतात आणि ताटली खाली ठेवतात. बेरिल शिक्क्याच्या शेजारी काय आहे ते बघते.

लग्नानंतर आम्ही आठवडाभर वेल्समध्ये लॅन्डिड्नोला गेलो होतो, समुद्रावर. पहिल्याच संध्याकाळी हॉटेलात तिने मटण आणि वाटाण्यांसकट ताटली उचलली. रस्सा माझ्या नव्या सुटावर आला. वेटर धावत आला.

"बाईसाहेब, जेवणात काही पडलंय का?"

"नाही डक, जेवण फक्कड आहे," बेरिल म्हणाली. "ताटली आमच्या गावची नाही, एवढंच."

वेटर तिच्याकडे बघतच राहिला. आमच्याकडे सगळेच सगळ्यांना 'डक' म्हणतात. बायको नवऱ्याला म्हणते, बस कंडक्टर म्हातारीला म्हणतो, आणि मला एकदा पोलिसाने सायकलला दिवा नाही म्हणून पकडलं तेव्हा तोही म्हणाला होता. पण ते वेल्सच्या त्या पोराला कुठून ठाऊक असणार? त्या सुटावरचा डाग अजून गेलेला नाही. बेरिल म्हणते, तो रश्श्याचा नाही, तू नंतर पाडलास. चाळीस वर्षं आम्ही यावर भांडतोय.

मी खाणीत काम केलेला माणूस. ताटली वरून दिसते तेवढीच मला माहीत. बेरिल मागची बाजू का बघते हे मला तिने लग्नाआधीच सांगितलं होतं, आणि ऐकल्यावर मी पुन्हा कधी तिला टोकलं नाही. म्हणजे टोकलं, पण मनापासून नाही.

बेरिल पंधरा वर्षांची झाली तेव्हा, १९५८ साली, तिची आई फ्लॉरी तिला आपल्याबरोबर क्रो बँक कारखान्यात घेऊन गेली. फ्लॉरी ताटल्यांवर पक्षी रंगवायची. लव्हाळ्यावर बसलेला निळा खंड्या ही तिची खासियत होती. बेरिलला बसवलं चाकावर, ताटलीच्या काठाला रेघ मारायला. ऐकायला सोपं वाटतं. डाव्या हाताने चाक फिरवायचं आणि उजव्या हातातला कुंचला नुसता टेकवायचा. हात हलवायचा नाही, श्वास घ्यायचा नाही. रेघ जिथून निघाली तिथे परत येऊन मिळाली पाहिजे, आणि कुठे मिळाली ते दिसता कामा नये. पहिले तीन आठवडे बेरिलच्या रेघेची दोन टोकं एकमेकांना भेटायलाच तयार नव्हती.

चौथ्या आठवड्यात एका शुक्रवारी पहिली धड रेघ जमली. सांधा थोडा जाड झाला होता, खंड्याच्या शेपटीच्या बरोबर खाली, पण जमली. आता, रंगवणाऱ्या बायकांना ताटलीच्या मागे आपली खूण करायची मुभा होती. फ्लॉरीची खूण म्हणजे तीन पाकळ्यांचं पान. रेघवाल्या मुलींना मात्र खूण करायला सक्त मनाई होती. फ्लॉरीने ताटली उलटी केली, इकडेतिकडे बघितलं. मुकादमीण मिस डीकिन पाठमोरी होती.

"कर पटकन, तुझी," फ्लॉरी कुजबुजली.

"काय करू?"

"काहीही कर, पण आत्ता कर!"

बेरिलने घाईघाईत पानाशेजारी एक छोटंसं कडं काढलं. तेवढ्यात मिस डीकिन वळली, बेरिलने कुंचला उचलला, आणि कडं न जुळताच राहिलं. ताटली भट्टीत गेली, पेंढ्यात बांधली गेली आणि जगात कुठेतरी निघून गेली.

पुढच्या हिवाळ्यात फ्लॉरी छातीच्या दुखण्याने वारली. कारखान्यातल्या बायकांना घरी न्यायला मिळायचा तो टाकाऊ माल, आणि तो वापरात फुटून गेला होता. तिच्या हातची एकही वस्तू घरात उरली नाही. फोटो एकच होता, त्यात तिचे डोळे मिटलेले. म्हणून बेरिल ताटल्या उलटते. पुढे ती अख्ख्या क्रो बँकेतली सगळ्यात सरस रेघवाली झाली, तिचा सांधा भिंग लावूनही कुणाला सापडायचा नाही. पण ते न जुळलेलं कडं मात्र ती सत्तेचाळीस वर्षं शोधत राहिली. लग्नांमध्ये, मयतींच्या चहाला, चर्चच्या जत्रेत, आणि एकदा तर दवाखान्यात भूल उतरत असताना टोस्टच्या ताटलीखाली.

मग गावातल्या वाचनालयात कॉम्प्युटरचा फुकट वर्ग सुरू झाला. बेरिल गेली, आणि चार दिवसांत तिला ती लिलावाची साइट सापडली. घरी आली ती धावतच.

"रेज! अरे, जगातली सगळी भांडी एका जागी आहेत!"

"मग उलटून बघ सगळी," मी म्हणालो.

तेव्हा तिचा चेहरा पडला. सगळी भांडी होती, पण एकही हातात घेता येत नव्हतं. विकणारे लोक समोरून फोटो काढायचे आणि मागची बाजू दाखवायचेच नाहीत. बाहेरच्या लोकांना मागे बघण्यासारखं काही असतं हेच माहीत नसतं.

तरी तिने एक जुना कॉम्प्युटर घरी आणून सुरुवात केली, आणि सुरुवात वाईट झाली. क्रो बँकेचं एक रश्श्याचं भांडं होतं, लिलाव रविवारी संपणार होता. आमच्या बाईंनी सोमवारीच बोली लावली आणि आठवडाभर मिरवल्या. त्या साइटवर असं असतं, की तुम्ही जास्तीत जास्त रक्कम टाकून ठेवायची, आणि यंत्र तुमच्या वतीने दुसऱ्यापेक्षा थोडंसंच वर चढत जातं. पण लोकांना तुमची बोली दिसली की ते कुरतडायला लागतात. आज पन्नास पेन्स, उद्या पन्नास पेन्स. शनिवारपर्यंत त्यांनी तिची वीस पौंडांची मर्यादा कुरतडून काढली, आणि रविवारी कुणीतरी वीस पौंड एक पेनी देऊन भांडं उचललं. एक पेनी!

तेव्हापासून ती शहाणी झाली. गोल रक्कम लिहायची नाही, शेवटी सतरा पेन्स ठेवायचेच, कारण आमचं घर सतरा नंबरचं. आवडलं असं चेहऱ्यावर काय, पडद्यावरही दाखवायचं नाही. विकणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा नाही, कारण तो प्रश्न आणि उत्तर सगळ्यांना दिसतं, आणि मग सगळे तिथेच डोळे लावून बसतात. वस्तू आपल्याला किती मोलाची आहे ते आधी कागदावर लिहायचं, कागद दुमडायचा, आणि ऐनवेळी त्याच्यापुढे जायचं नाही. आणि बोली लावायची ती शेवटच्या पाच सेकंदांत, म्हणजे कुरतडणाऱ्यांना विचार करायलाही सवड मिळत नाही. पाचच का? कारण आमची इंटरनेटची लाइन दोन सेकंद खाते, एक सेकंद बेरिलचा चष्मा खातो, आणि दोन देवाला.

माझं काम घड्याळाचं. मी शर्यतीची कबुतरं पाळतो. माझ्याकडे शर्यतीचं घड्याळ आहे, लाकडी पेटीतलं, ज्यात सेकंदालाही लपायला जागा नाही. मी स्वयंपाकघरात ती पेटी घेऊन बसतो आणि मोजतो. बेरिल एप्रनला हात पुसते, माऊसवर बोट ठेवते आणि श्वास रोखते, जसा चाकावर रोखायची तसा. "पाच" म्हटलं की बोट खाली. तीन वर्षांत आमच्या हातून फार थोड्या वस्तू निसटल्या. माझ्या कबुतरांपेक्षा बेरिलचा निकाल चांगला होता, हे मी क्लबात कुणाला सांगितलेलं नाही.

निसटल्या त्या सगळ्या एकाच माणसाने नेल्या. साइटवर त्याने स्वतःचं नाव 'तळठोक्या' ठेवलं होतं. पूर्वी भट्टीत भांडी भाजायला मातीचे मोठे डबे असायचे, आणि त्या डब्यांचे तळ लाकडी ठोकणीने ठोकून बनवणं हे कारखान्यात पोरांचं काम असायचं. म्हणजे माणूस आमच्याच गावचा, हे नक्की. हा तळठोक्या शेवटच्या तीन सेकंदांत यायचा. एका विकणाऱ्याने कधी नव्हे तो तळाचा फोटो लावला होता, आणि फ्लॉरीच्या पानाची खूण असलेला तो दुधाचा जग त्याने बेरिलच्या हातातोंडाशी आलेला पळवला. मग साखरेचं भांडं.

"तीन सेकंद!" बेरिल किंचाळली होती. "मेल्याचं बोट आहे की काय आहे!"

"तूही तीनवर ये की."

"आपली लाइन दोन खाते, रेज! मग माझ्या चष्म्याचं काय?"

त्यानंतर बाजारात कुठलाही सत्तरीकडे झुकलेला म्हातारा चलाख हाताने सुटे पैसे मोजताना दिसला, की ती माझ्या कानात म्हणायची, "तो असेल."

२००६ च्या मार्चमध्ये ती ताटली आली.

विकणारी वेल्सची एक मुलगी होती, नेरिस नावाची. मावशीचं घर रिकामं करत होती. 'जुनी ताटली, पक्षी आहे, काठाला बारीक तडा.' सुरुवात नव्व्याण्णव पेन्सपासून. फोटो एकच, समोरून. लव्हाळ्यावर निळा खंड्या.

खंड्या आमच्या कपाटात आधीच अकरा होते. बेरिलने आंधळेपणाने घेतलेले, सगळे दुसऱ्याच कुणाच्या हातचे. अकराव्यानंतर तिने शपथ घेतली होती की मागची बाजू दिसल्याशिवाय बारावा आणायचा नाही. पण त्या फोटोसमोर ती अशी टक लावून बसली की मला गॅसवर दूध ठेवलंय की काय असं वाटलं. शेवटी तिने पडद्यावर बोट टेकवलं.

"शेपटीखाली बघ. रेघ जाड आहे."

"कुणाचाही सांधा जाड होईल."

"कुणाचाही नाही. माझा."

"मग झालं तर. रविवारी पाच सेकंद उरले की मारू."

"आणि नसली तर? बारावा खंड्या, रेज. आणि हीच असली, आणि मी कागदावर कमी लिहिलं तर?"

मी तिला बजावलं. मी म्हणालो, बेरिल, तोंडातून शब्द काढू नकोस. तू मागचा फोटो मागितलास की नेरिस तो सगळ्यांसाठी लावणार. फ्लॉरीचं पान दिसलं की तळठोक्या आलाच म्हणून समज. बेरिलने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. तीन दिवस ती मागची बाजू न बघता राहिली. बुधवारी दुपारी मी कबुतरांना दाणे घालायला मागे गेलो, आणि वीस मिनिटांनी परत आलो तर ती एप्रनच्या टोकाशी चाळा करत बसली होती. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं तर कळतंच.

"विचारलंस," मी म्हणालो.

"राहवलं नाही."

मी पडद्याजवळ गेलो. लिलावाच्या पानावर, ताटलीच्या खालीच, सगळ्या जगाला वाचता येईल असं छापलं होतं:

'ताटली जरा उलटी करून फोटो टाकशील का, डक? माझ्या आईने रंगवली असावी असं वाटतं. तिच्या पानाशेजारी एक न जुळलेलं कडं असेल तर ते मी काढलेलं आहे. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते.'

आणि त्याखाली नेरिसचा फोटो. पांढऱ्या मातीवर कारखान्याचा शिक्का, शेजारी तीन पाकळ्यांचं पान, आणि पानाला बिलगून एक वेडंवाकडं कडं, एका बाजूने उघडं.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. बेरिल रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदमच. मग मला ओरडताच येईना. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो आणि आम्ही दोघं त्या कड्याकडे बघत राहिलो. मला, खाणीतल्या माणसाला, ताटलीच्या मागे बघण्यासारखं काय असतं ते त्या दिवशी कळलं.

पण काळजी ती काळजी. "आता ढोल वाजवायचा तेवढा राहिला," मी रात्रीच्या जेवणाला म्हणालो. किती लोक ताटलीवर नजर ठेवून आहेत तो आकडा साइटवर दिसतो. बुधवारी सकाळी तो चार होता. शनिवारी एकशे बारा झाला. बोली मात्र एकही नाही. याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता. एकशे बारा जण दबा धरून बसले होते, आणि सगळे शेवटच्या पाच सेकंदांत तुटून पडणार होते. त्यात तळठोक्या सगळ्यात शेवटी, तीनवर.

रविवारी लिलाव चार वाजून सतरा मिनिटांनी संपणार होता. "सतरा," बेरिल म्हणाली. "बघ, शुभशकुन." दुपारी मी चीज आणि बेकन घालून ओटकेक, म्हणजे आमच्याकडची ओटच्या पिठाची धिरडी, गुंडाळले होते, ते ताटलीत तसेच थंड झाले. बेरिलने एका कागदावर रक्कम लिहिली, दुमडली आणि माझ्या घड्याळाच्या पेटीखाली सरकवली. मी काढून वाचली. आमच्या नियमात ते बसत नाही, पण वाचली. लॅन्डिड्नोच्या सुटीसाठी साठवलेली सगळी रक्कम होती. वर सतरा पेन्स.

"कमी आहे," मी म्हणालो.

"एवढीच आहे."

मी पेन्सिल घेतली आणि कबुतरखान्याच्या नव्या छपरासाठी ठेवलेले पैसे त्यात घातले.

"रेज, कबुतरं भिजतील."

"कबुतरांना पिसं असतात. असू दे म्हटलं ना."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला उगीचच घड्याळ पुसावं लागलं. माझी बायको मला फार आवडते. हे मी तिला तिच्या तोंडावर चाळीस वर्षांत फार तर चार वेळा म्हटलं असेल, म्हणून इथे लिहून ठेवतो.

चार वाजून पंधरा मिनिटं. बोली नाही. एक मिनिट उरलं. बोली नाही.

"ही शांतता खोटी आहे," मी म्हणालो.

"तू मोज."

"चाळीस." बेरिलने एप्रनला हात पुसले. "तीस." तिने चष्मा वर सरकवला. "वीस. पंधरा." बोट माऊसवर आलं. "दहा." तिने श्वास रोखला. मीही रोखला, आणि त्या नादात पुढचे आकडे नुसते ओठांनीच मोजले. नशीब, ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. पाचला तिने बोट खाली केलं.

पडदा पांढरा झाला. चक्र फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, आणि थांबलं. हिरवी अक्षरं आली: अभिनंदन, वस्तू तुमची झाली.

मी टेबलावर मूठ आपटली, कबुतरं मागे फडफडली, मी बेरिलला खुर्चीसकट मिठी मारली. ती मात्र लाकडासारखी ताठ. तिचं लक्ष अक्षरांच्या खाली होतं. मीही बघितलं. आमची बोली मान्य झाली होती. पण वर चढवायला दुसरं कुणी नव्हतंच. किंमत: नव्व्याण्णव पेन्स.

"बिघडलंय," मी म्हणालो. "बंद करून परत लाव."

परत लावलं. नव्व्याण्णव पेन्सच.

आता कुणीही बाई आनंदाने नाचली असती. बेरिल भडकली. खुर्ची मागे सारून उभी राहिली आणि लालबुंद झाली.

"नव्व्याण्णव पेन्स? माझ्या आईचा खंड्या, आणि एकाही मेल्याला एक पौंड द्यावासा वाटला नाही? एकशे बारा जण काय झोपले होते? आणि तो तळठोक्या? साखरेच्या भांड्यासाठी माझ्या उरावर बसला, आणि इथे त्याला एक बोट उचलता येईना?"

"अगं, पण मिळाली ना!"

"मिळाली! टाकाऊ म्हणून मिळाली!"

तिने थंड ओटकेक रागारागाने खाल्ले, माझेही. मी तर कबुतरखान्याचं छप्पर वाचलं म्हणून मनातल्या मनात खूश होतो, पण ते दाखवायची सोय नव्हती.

सोमवारी सकाळी निरोप आला. पाठवणारा: तळठोक्या. बेरिलने चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचला.

'बाई, अभिनंदन. काल चार वाजून सतरा मिनिटांनी मी माझे दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो होतो. सवयीचा भरवसा नसतो. तुमचा प्रश्न बुधवारीच वाचला. न जुळलेलं कडं आणि तोंडात डक, म्हणजे क्रो बँकेची पोरगी, हे कळायला वेळ लागला नाही. भांड्यांच्या बाजारात मी तेवढं चौघांना सांगितलं, त्यांनी आणखी चौघांना. बर्मिंगहॅमच्या एका माणसाला ती हवी होती. त्याच्याशी फोनवर मी नीट बोललो. आता तो बोली लावणार नाही असं म्हणाला. बाहेरच्या बाकी लोकांना ते कडं म्हणजे डाग वाटला असणार. ताटली मिळाली की लांबून का होईना, एकदा दाखवाल का? होरेस मेचिन.'

बेरिलने वाचून झाल्यावर चष्मा काढला. मग खाली बसली.

"एकशे बारा जण, रेज."

"हो."

"हात मांडीखाली घालून."

"हो गं."

"आणि मी त्या माणसाला मेला म्हटलं."

"तीन वर्षं म्हणतेयस. एका दिवसात कुठे परत घेतेस? ये म्हणावं चहाला."

ताटली गुरुवारी आली. नेरिसने ती इतक्या कागदांत गुंडाळली होती की उघडायला पाऊण तास गेला. बेरिलने ती हातात घेतली आणि उलटी केली, आणि मग खूप वेळ सुलटी केलीच नाही. पुढून खंड्या कसा आहे ते मला विचारावं लागलं. तिने अंगठा कड्याच्या उघड्या जागेवर ठेवला होता. ती जागा तिच्या अंगठ्याएवढीसुद्धा नव्हती.

पुढच्या रविवारी होरेस मेचिन आला. सुटातला, बारका, नीट केस विंचरलेला. दारातच टोपी काढून म्हणाला, "बाई, ते साखरेच्या भांड्याचं... माफी असावी."

"आत ये रे," बेरिल म्हणाली. "क्रो बँकेचा ना तू? मग बाई कसली? बेरिल म्हण."

त्याने बगलेतलं कापडात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. फ्लॉरीचा दुधाचा जग होता. "विकणार नाही हं," तो घाईने म्हणाला. "फक्त म्हटलं, आज दूध यातून घ्यावं." तो जग नंतर जाताना 'विसरून' गेला, आणि आजवर त्याला आठवलेला नाही.

बेरिलने बिस्किटं त्या ताटलीतच ठेवली होती. होरेसने एकेक खाल्लं, सभ्यपणे, घाई न करता. शेवटचं बिस्किट उचललं, ताटलीतला चुरा तळहातावर झटकला आणि ताटली उलटी केली. पान बघितलं. कडं बघितलं. मग बोट तिसरीकडेच नेलं, काठाजवळ, जिथे झिलईत तीन बारीक टोचे होते.

"हे बघ," तो म्हणाला. "भट्टीत डब्यात ठेवली होती तेव्हाचे. अठ्ठावन्न साली क्रो बँकेचे सगळे डब्यांचे तळ मी ठोकत होतो. सतरा वर्षांचा होतो. म्हणजे ही माझ्या तळावर बसून भाजली गेली."

"म्हणून तू क्रो बँकेचं सगळं घेत सुटतोस?" मी विचारलं.

"माझे डबे तर फोडून रस्त्यात भरले हो," होरेस हसून म्हणाला. "माझ्या कामाचं कुणी काय लिलावाला काढणार? पण तेव्हाचं कुठलंही भांडं घ्या, ते माझ्या तळावरून उठलेलं. खूण नाही, एवढंच."

बेरिल उठली. खणातून तिने आपला जुना कुंचला काढला आणि निळ्या रंगाची ती कुपी, जी ती कारखाना बंद झाला तेव्हा एप्रनच्या खिशातून घरी घेऊन आली होती. होरेसचा उजवा हात धरला, आणि शेवटच्या तीन सेकंदांत भांडी पळवणाऱ्या त्या बोटांमधला अंगठा निळा केला.

"बेरिल!" मी ओरडलो. "अगं, ती ताटली आहे!"

"मला दिसतंय ताटली आहे ते."

"भाजल्याशिवाय टिकणार नाही तो रंग," होरेस म्हणाला.

"मी धुणारच नाही तिकडून."

तिने ताटली त्याच्यासमोर उलटी धरली, पानाच्या आणि कड्याच्या शेजारची मोकळी जागा वर करून. मग आमच्या स्वयंपाकघरात, जिथे आम्हा तिघांशिवाय चिटपाखरू नव्हतं, तिने मान वळवून दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं.

"कर पटकन," ती म्हणाली. "मिस डीकिन पाठमोरी आहे."